वाचकांचे प्रश्न : थंडी सोसणारे संकरित पाम

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात चार-सहा रात्री पारा उणे ६-७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. रोपवाटिकेच्या यादीत प्रत्येक संकरासमोर एक आकडा छापलेला असतो : उणे ९, उणे १२ वगैरे. त्या आकड्यावर विसंबून निवड करावी का? पिसासारख्या झावळ्यांचा आणि लवकर वाढणारा पाम हवा आहे.

उत्तर : तुमच्या गरजेत म्यूल पाम बरोबर बसतो. बुटिया ओडोराटा (जेली किंवा पिंडो पाम) ही आई आणि सायाग्रस रोमानझोफियाना (क्वीन पाम) हा बाप. १९ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पॉल नाबोनाँ यांनी तो प्रथम केला, म्हणून शास्त्रीय नावात नाबोनांडी आले. बुटिया चिवट, पण संथ. क्वीन झपाट्याने वाढते, पण उणे ४-५ अंशांतच तिच्या झावळ्या करपतात. म्यूलला आईकडून थंडी सोसण्याची ताकद मिळते, बापाकडून वेग आणि ऐसपैस झावळी.

आता आकड्याविषयी. उणे ९ लिहिलेले असते ते चांगल्या रुजलेल्या, खोड धरलेल्या झाडासाठी, कोरड्या हवेत, एका रात्रीपुरते. सलग चार दिवस पारा शून्याखाली राहिला, वर पाऊस किंवा ओला बर्फ पडला, तर तेच झाड उणे ६ लाही दगावू शकते. शिवाय तो आकडा झावळ्या करपण्याचा की झाड मरण्याचा, हे यादीत क्वचितच सांगितलेले असते, आणि या दोहोंत सहज तीन-चार अंशांचा फरक असतो. मी तीन अंशांची सूट ठेवूनच, म्हणजे उणे ९ छापले असेल तर उणे ६ धरून, जागा ठरवायला सांगतो. तसा हिशेब केला तरी उणे ६-७ ला म्यूल पाम सहसा टिकतो, फक्त पहिली तीन-चार वर्षे पांघरूण द्यावे लागते.

पारा याहून खाली जात असेल तर बुटिया आणि जुबेआ यांचा संकर पाहा. चिलीतल्या जुबेआचा जाड बुंधा आणि चिवटपणा त्यात उतरतो आणि मोठे झाड उणे १२ च्या आसपास तग धरते. वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका, पहिली पाच-सहा वर्षे तो जमिनीवर नुसता बसल्यासारखा दिसतो. पंख्यासारखी पाने चालणार असतील तर वॉशिंग्टोनिया फिलिफेरा आणि रोबुस्टा यांचा फिलिबुस्टा हा संकर सर्वांत वेगवान. पण ओल्या थंडीत त्याची पाने उणे ६-७ लाच जातात. आणि पारा नेमाने उणे १२-१३ खाली जात असेल, तर संकराचा नाद सोडून सरळ ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी (विंडमिल पाम) लावावा.

प्रश्न : म्यूल पाम म्हणून घेतलेले रोप दोन वर्षांनंतरही बुटियासारखेच दिसते. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूकच असेल असे नाही. बुटियाच्या पोयीवर क्वीनचे परागकण टाकले तरी काही फळे स्वतःच्याच परागांनी धरतात, आणि त्या बियांची रोपे शुद्ध बुटिया निघतात. पेरणी करणारा ती वेळीच वेगळी काढत नसेल, तर दोन्ही एकाच नावाने विकली जातात.

ओळखायला देठ हाताळा. बुटियाच्या देठाच्या दोन्ही कडांना टोकदार काटे असतात, क्वीनचा देठ बिनकाट्याचा असतो. म्यूलच्या देठाला कडेने धागे आणि फार तर बोथट दाते असतात, बोट ओरबाडत नाही. मग झावळीची मांडणी बघा. बुटियाच्या पात्या देठावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या, ताठ आणि निळसर-राखाडी असतात, झावळीही कमानीसारखी आत वळते. म्यूलच्या पात्या हिरव्या आणि मऊ असतात, किंचित वेगवेगळ्या कोनांत फुटतात आणि झावळी विस्कटलेली वाटते. वेग ही तिसरी खूण. उन्हात, पाणी-खत मिळत असताना एका हंगामात जेमतेम दोन-तीन झावळ्या येत असतील तर ते बहुधा बुटिया आहे. पण चौथी-पाचवी पिसासारखी झावळी येईपर्यंत निकाल देऊ नका. लहानपणी सगळीच एका साच्यातली दिसतात.

बुटिया निघाली तर उपटून टाकू नका. थंडीत ती म्यूलपेक्षा काकणभर सरसच ठरते.

प्रश्न : हिवाळा संपताना मधली, अजून न उलगडलेली सुई धरून हलकेच ओढली तर ती हातातच आली. बुडाशी पांढरट चिकट लगदा आणि घाण वास. बाकीच्या झावळ्या हिरव्या आहेत. झाड गेले का?

उत्तर : बहुधा नाही. पण आता जे कराल त्यावर ते ठरेल, म्हणून हे सविस्तर सांगतो.

पामला वाढीचा एकच बिंदू असतो, शेंड्याच्या गाभ्यात खोलवर दडलेला. तो मेला की एकखोडी पाम मेला, बाजूने धुमारा फुटत नाही. सुई निघून आली म्हणजे तो बिंदू मेलाच असे मात्र नाही. सुईचा सर्वांत कोवळा भाग तिच्या बुडाशी असतो. थंडीने तिथल्या पेशी फुटतात, शेंड्यातल्या वाटीत साचलेले पाणी त्यात उतरते आणि जिवाणू-बुरशी वरून खाली सरकू लागतात. वाढबिंदू त्याच्याही खाली असतो. कुज तिथवर पोहोचण्याआधी तिला अडवायची आहे.

पहिले काम म्हणजे गाभा कोरडा करणे. सुईच्या भोकात ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस येईल. फेस बसला की टिपकागद किंवा कापडाच्या वातीने ते शोषून घ्या आणि पुन्हा ओता. फेस जवळजवळ थांबला की पुरे. हे एक-दोन दिवसांतच उरका. पेरॉक्साइड चांगल्या पेशींनाही सोडत नाही, त्यामुळे रोज ओतत बसण्यात तोटाच आहे. गाभा कोरडा झाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड (५० टक्के) लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात कालवून भोकात आणि भोवतीच्या कोवळ्या देठांच्या बेचक्यांत ओता. दहा दिवसांनी आणखी एकदा. तिसऱ्यांदा नको. तांबे गाभ्यात साचते आणि कोवळ्या पेशींना तेच जाळते.

मग शेंड्यावर पाऊस पडू देऊ नका. बादली किंवा कुंडी उपडी घालताना खाली दोन विटांचे तुकडे द्या, म्हणजे वारा खेळता राहील. घट्ट बांधलेले प्लॅस्टिक हा सर्वांत वाईट उपाय, आतल्या वाफेने कुज झपाट्याने वाढते. पाणी बुंध्याशीच द्या, तेही माती वरून ५ सेंटिमीटर सुकल्यावर. खत अजिबात नको. हिरव्या झावळ्यांतली एकही कापू नका, कारण नवे पान येईपर्यंत झाडाचे अन्न तिथेच तयार होते.

झाड जिवंत आहे का, हे कळायला सोपी युक्ती आहे. आतल्या बाजूचे, अजून वाढत असलेले सर्वांत कोवळे देठ आणि त्याच्या शेजारचे जुने देठ यांवर न पुसणाऱ्या पेनने एकच आडवी रेघ ओढा. दोन आठवड्यांनी कोवळ्या देठावरची रेघ वर सरकलेली दिसली तर बिंदू काम करतो आहे. माती १८ अंशांच्या वर तापेपर्यंत काही हालचाल दिसणार नाही, तेव्हा धीर धरा. उन्हाळाभर वाट पाहिल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये.

पुढे येणारी दोन-तीन पाने आखूड, चुरगळलेली, टोके कातरल्यासारखी असतील. ती गाभ्यात असतानाच जखमी झालेली असतात. तो नवा रोग समजून पुन्हा औषधांचा मारा सुरू करू नका.

प्रश्न : म्यूल आणि फिलिबुस्टा यांच्या झाडाखालच्या बिया पेरल्या तर तीच झाडे येतील का?

उत्तर : म्यूल म्हणजे खेचर, नावातच उत्तर आहे. फळे धरली तरी बहुतेक पोकळ निघतात. फिलिबुस्टाची बी सहज रुजते, पण रोपे एकसारखी येत नाहीत : काही फिलिफेराकडे झुकतात, काही रोबुस्टाकडे, आणि थंडी सोसण्याची ताकदही त्याच प्रमाणात कमी-जास्त होते. खूप पेरा, हिवाळ्यात उघड्यावर ठेवा आणि उरतील ती वाढवा. बुटिया-जुबेआच्या संकराला अनेकदा सकस बी धरते, म्हणूनच त्यावर पुन्हा क्वीनचे पराग टाकून तिहेरी संकर करता येतो.

प्रश्न : बागेत फुलावर आलेली बुटिया आहे, जवळच क्वीन पामही आहे. घरच्या घरी म्यूल करता येईल का?

उत्तर : येईल. हातोटीपेक्षा वेळ साधण्याचे काम आहे. बुटियाला आई करतात याचे एक साधे कारण म्हणजे तिची पोय हाताला लागते, क्वीनच्या पोयीसाठी शिडी लावावी लागते.

बुटियाच्या पोयीत नर आणि मादी दोन्ही फुले असतात. फांदीच्या बुडाकडे मधे एक मादी आणि तिच्या दोन बाजूंना नर, टोकाकडे नुसते नर. नर आधी उमलून गळतात, मादी नंतर तयार होते. त्यामुळे स्वतःचे पराग टळतील असे वाटते, पण शेजारच्या पोयीतले पराग आणि मधमाश्या तो डाव उधळतात. म्हणून पोयीचे लाकडी आवरण आपोआप फाटण्याच्या बेतात असताना तुम्हीच ते चिरा. टोकाकडचा नुसत्या नरांचा भाग कात्रीने छाटा आणि बुडाकडचे नर बोटांनी खुडून काढा. मादी कळी नरापेक्षा गोलसर आणि ठेंगणी असते, तिला धक्का लावू नका. एका पोयीला दोन-तीन तास सहज लागतात आणि कंटाळा येऊन मधेच सोडले तर सगळे फुकट. मग पोयीवर दाट विणीच्या कापडाची पिशवी चढवून तोंड बांधा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.

पराग आधीच जमवून ठेवावे लागतात. क्वीनची उमलायच्या बेतातली नर फुले कागदावर पसरून सावलीत, कोरड्या खोलीत एक दिवस सुकवा, बारीक चाळणीने चाळा आणि खाली पडलेली पिवळी पूड सिलिका जेलच्या पुडीसह झाकणबंद बाटलीत भरा. आठवडाभरात वापरायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, त्याहून जास्त दिवस ठेवायची असेल तर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. आत दव धरले की पराग गेले.

मादीच्या टोकाचे तीन फाटे उघडून त्यावर चिकट ओलसर चमक दिसली की ती तयार झाली. मऊ कुंचल्याने सकाळी पराग लावा आणि पिशवी लगेच पुन्हा बांधा. सगळ्या मादी एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून चार-पाच दिवस रोज हेच करायचे. पराग थोडे असतील तर टाल्कम पावडरीत मिसळा, पसरायला सोपे जाते. शेवटच्या वेळेनंतर आठ-दहा दिवसांनी पिशवी काढली तरी चालते.

फळे पिकून आपोआप गळू लागली की गर काढून कोय धुवा. ती करवंटीसारखी कठीण असते आणि आत एक ते तीन बिया असतात. तशीच पेरली तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही उगवेल. घाई असेल तर कोय दोन-तीन आठवडे सुकू द्या, म्हणजे आतली बी आक्रसून कवचापासून सुटते. मग शिकंज्यात धरून हळूहळू आवळा आणि कडकन आवाज आला की थांबा. हातोडीने दहातल्या पाच बिया चेचल्या जातात. सुटी बी एक दिवस पाण्यात भिजवा, बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढा आणि ओलसर पर्लाइटमध्ये, पिशवीत, ३० ते ३५ अंशांवर ठेवा. ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये इतके. दर आठवड्याला उघडून बघा आणि बुरशी आलेली बी लगेच काढून टाका. उगवलेल्यांपैकी जी पहिल्या वर्षी झरझर वाढतात आणि ज्यांची पाने रुंद असतात, ती म्यूल असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : माती चिकण आहे, पाणी साचते. खड्ड्यात खाली खडी घालून लावावे का?

उत्तर : खडी नको. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वरची माती पुरती चिंब झाल्यावरच उतरते. म्हणजे ओल उलट मुळांजवळ येते. चिकण मातीत खड्डा खणून त्यात मऊ खतमाती भरणे म्हणजे झाडाला हौद बांधून देणे.

आधी निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरले तर जमिनीत लावूच नका. त्याऐवजी ३० ते ४० सेंटिमीटर उंच आणि निदान दीड-दोन मीटर रुंद उंचवटा करा : तिथलीच माती, त्यात एक तृतीयांश भरड वाळू. रोपाची मूळगड्डी उंचवट्याच्या पृष्ठापेक्षा बोटभर वरच राहू द्या. खोल लावलेला पाम वर्षभर ठीक दिसतो, मग नवी पाने पिवळी पडू लागतात. मुळांना हवा मिळत नाही आणि लोह घेता येत नाही, एवढेच त्याचे कारण.

लावणी उन्हाळ्याच्या तोंडाशी करा, म्हणजे थंडीआधी मुळांना चार-पाच महिने मिळतात. हिवाळ्याच्या उंबरठ्यावर लावलेले रोप म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडीच. आणि मनगटापेक्षा बारीक बुडाचे रोप पहिले दोन हिवाळे कुंडीत, आडोशालाच राहू द्या.

प्रश्न : पांघरूण कशाचे आणि केव्हा घालावे? दिव्यांच्या माळा लावतात, त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : माळा जुन्या तापदिव्यांच्या हव्यात, ५ ते ७ वॉटचे बल्ब. एलईडी उजेड देतात, ऊब देत नाहीत. झावळ्या वर गोळा करून सैलसर बांधा, माळ खालून वर बुंध्याभोवती आणि मग शेंड्याजवळ दाट गुंडाळा, त्यावर हवा जाऊ देणारे न विणलेले कापड दोन थर. बल्ब कापडाला टेकू नये म्हणून भोवती तीन-चार काठ्या रोवून तंबूसारखा आकार द्या. २ अंशांना चालू आणि ७ ला बंद होणारा थर्मोस्टॅट लावला की रात्री उठून बघावे लागत नाही. जोडण्या बाहेर वापरण्यायोग्य आणि पाणी न शिरणाऱ्याच हव्यात.

नुसत्या कापडाने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, माळेसह बराच जास्त. बुंध्याभोवती पेंढा किंवा सालीच्या तुकड्यांचे १५ सेंटिमीटर आच्छादन घाला, पण खोडाला चिकटवून नको. पारा उणे ३-४ च्या खाली जाईल असा अंदाज असेल तेव्हाच झाका आणि थंडी ओसरली की उघडा. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली झाडे थंडीने कमी आणि आतल्या कुजीने जास्त मरतात.

प्रश्न : जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके, नवी पाने मात्र आखूड आणि करपल्यासारखी. मॅग्नेशियम सल्फेट दोनदा टाकले, फरक नाही.

उत्तर : इथे दोन वेगळ्या उणिवा आहेत आणि तुम्ही तिसरीचे औषध दिले. जुन्या झावळ्यांवर उजेडात धरल्यावर आरपार दिसणारे पिवळे-नारिंगी ठिपके आणि वाळलेली टोके ही पालाशाची (पोटॅशियमची) उणीव. मॅग्नेशियमची असती तर पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मधे ठळक हिरवे असे दिसले असते. पालाश कमी असताना नुसते मॅग्नेशियम ओतले तर पालाशाची ओढाताण वाढते.

नव्या पानांचे करपणे बहुधा मँगनीजचे. क्वीन पामची ही जुनी खोड संकरातही अधूनमधून डोके वर काढते, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत आणि थंड मातीत. थंडीचा मार आणि मँगनीजची उणीव दिसायला सारखीच, पण थंडीनंतर प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा बरे येते, मँगनीज कमी असेल तर प्रत्येक नवे पान आणखी वाईट. तसे असेल तर मँगनीज सल्फेट द्या, आणि एरवी ८-२-१२ (नत्र-स्फुरद-पालाश) अधिक ४ टक्के मॅग्नेशियम असे, पालाश सावकाश सोडणारे पामचे खत झावळ्यांच्या छायेखाली दर १० चौरस मीटरला ७०० ग्रॅम, वाढीच्या काळात दर तीन महिन्यांनी. थंडीच्या दोन महिने आधी थांबा.

ठिपके पडलेल्या झावळ्या कापल्यात का? कापल्या असतील तर आता थांबवा. झाड त्यांच्यातूनच पालाश ओढून वर पाठवत असते. त्या काढल्या की उणीव एक मजला वर चढते.

प्रश्न : फीनिक्सच्या (खजुराच्या जातकुळीतल्या पामच्या) संकराच्या खालच्या झावळ्या केव्हा आणि कशा काढाव्यात?

उत्तर : पूर्ण तपकिरी झाल्यावरच, देठाचा ५-७ सेंटिमीटर बुडखा ठेवून. ओढून फाडू नका, पामच्या खोडाची जखम भरून येत नाही. थंडीने करपलेल्या झावळ्या हिवाळा पूर्ण संपेपर्यंत राहू द्या, शेंड्याला तेवढाच आडोसा मिळतो. कॅनरी बेटांच्या फीनिक्सचा अंश असलेल्या झाडांना फ्युझेरियम मर रोग करवतीतून लागतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून एका झाडाचे काम झाले की दातांतला भुसा घासून काढा आणि पाते एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी यात पाच मिनिटे बुडवून मगच दुसऱ्या झाडाला लावा. यांत्रिक साखळी करवत अशी धुता येत नाही, या कामाला हातकरवतच घ्या.